डोळ्याच्या चित्राचं अ‍ॅप

इंदुबाई आयुष्यात एकदाच खोटं बोलल्या, असं त्या स्वतः मानतात. हे काही खरं नाही. एक मोठं खोटं सांभाळायला रोज एखादं किरकोळ बोलावंच लागतं, ती किरकोळ त्या धरत नाहीत, एवढंच. पण मूळ खोटं एकच, आणि ते तीन वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, चहाचा कप हातात असताना बोललं गेलं.

समोर उल्कावहिनी बसल्या होत्या. मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलेली बाई, त्यामुळे प्रश्न विचारताना थेट उत्तराच्याच जागेवर बोट ठेवायची सवय. सासऱ्यांकडे दिवसभर बघायला त्यांना कुणीतरी हवं होतं.

"शिक्षण किती झालंय?"

"सातवी," इंदुबाई म्हणाल्या.

"छान. डॉक्टरांचे कागद असतात, कधी काही वाचायची वेळ येते. आणि एक आत्ताच सांगून ठेवते. कप फुटला तर सांगा, उशीर झाला तर सांगा, मी चकार शब्द बोलणार नाही. खोटं मात्र मला चालत नाही. आधीच्या बाईंना मी त्यासाठीच काढलं."

खरं सांगायची संधी तेव्हा होती. पण सातवी तर तोंडातून निघून गेली होती. घरी धायरीला नवरा, बजरंग, प्लास्टरचं काम करताना परांचीवरून पडून पाय मोडून बसला होता, आणि मुलगी सृष्टी आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला होती. इंदुबाईंनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या.

सातवी तर सोडाच, पहिलीसुद्धा पुरी झालेली नव्हती. हिंगोलीकडचं गाव, पाठची चार भावंडं. शाळेत त्या दोन महिने गेल्या, मग धाकट्याला कडेवर घेऊन शाळेच्या दारात उभ्या राहायला लागल्या, आणि मग दारातही जायच्या बंद झाल्या. पाटी भावाकडे गेली. आकडे तेवढे त्यांना येतात, कारण आकड्यांशिवाय बाजार होत नाही आणि बसही सापडत नाही. सही करतात, म्हणजे काढतात. बँकेतल्या एका बाईंनी 'इंदु' कसं काढायचं ते दाखवलं होतं, तेच त्या रांगोळीचे ठिपके जोडावेत तसं मन लावून काढतात.

अक्षर न ओळखता पुण्यात राहणं वाटतं तितकं अवघड नाही. उलट एक फायदाच आहे. या शहरात दारादारावर, जिन्याजिन्यात, फाटकाफाटकावर कुणीतरी कुणालातरी लेखी झापून ठेवलेलं असतं. इंदुबाई बावीस वर्षं त्या सगळ्यातून सुटल्या. जिथं गाडी लावू नये म्हणून तीन ओळींत अपमान लिहिलाय तिथं त्या खुशाल पिशवी टेकवून बसची वाट बघत. बस आली की शेजारच्याला विचारायचं, "ही धायरीला जाते ना?" आणि त्यानं पाटीकडे बोट दाखवलंच तर म्हणायचं, "चष्मा न्हाई आणला ओ." त्या वाक्याला जोड म्हणून त्यांनी फुटपाथवरून एक चष्माही घेऊन ठेवला होता. साध्या काचेचा. डबीसकट.

आता ज्यांच्यासाठी त्यांना कामावर ठेवलं होतं त्या आप्पांचं. गोपाळकृष्ण त्यांचं नाव, वय चौऱ्याऐंशी. पोस्टमन म्हणून लागले आणि एकतीस वर्षांनी पोस्टमन म्हणूनच निवृत्त झाले. मधे बढतीची परीक्षा आली होती, पण "खुर्चीवर बसून पत्रं दिसतात, माणसं दिसत नाहीत" असं म्हणून दिली नाही. नारायण पेठ, सदाशिव पेठ आणि नदीच्या बाजूचा थोडा भाग ही त्यांची बीट, म्हणजे पत्रं वाटायची हद्द. कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं आणि कुणाचा मुलगा परदेशातून पत्र पाठवत नाही, हे त्यांना घरच्यांच्या आधी ठाऊक असे, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. जीभ मात्र पेठेतली. सून त्यांना भीत नसे, पण जपून बोले.

इंदुबाई लागल्या तेव्हा आप्पा भिंग धरून का होईना पेपर स्वतः वाचत. वर्षभरात डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार वाढला आणि नजरेच्या मधोमध एक काळं गोल येऊन बसलं. कडेचं दिसे, समोरचं दिसेना. "माणूस बाजूला उभा राहिला की दिसतो, समोर आला की नाहीसा होतो," आप्पा म्हणाले. "निवडणुकीनंतर असंच होतं." विनोद केला खरा, पण त्या आठवड्यात ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. पेपर हा त्यांचा श्वास होता.

उल्कावहिनींनी उपाय लगेच काढला. "इंदुमावशी, तुम्ही सातवी शिकलेल्या आहात. रोज साडेदहाला तासभर आप्पांना पेपर वाचून दाखवत जा."

इंदुबाई "बरं" म्हणाल्या. घरी जाऊन त्या सृष्टीपुढे चक्क रडल्या. सृष्टीनं आईचा फोन हातात घेतला. फोन साधाच, पण त्यात कंपनीनं आपल्या मनानं भरलेल्या पन्नास गोष्टी होत्या. खेळ, बातम्या, खरेदी, हवामान, कुणी न मागितलेले व्हिडिओ. तिसऱ्या पानावर, पार खाली, एक डोळ्याचं चित्र होतं.

"हे बघ आई. हे फोनमध्ये आधीपास्नंच असतंय. आंधळ्या माणसांसाठी. छापलेल्या कागदावर धरलं की वाचून दाखवतंय. मराठीपण."

तिनं किराणाच्या पिशवीवर फोन धरला आणि फोनमधली बाई डाळीचं नाव, वजन आणि कारखान्याचा पत्ता घडाघडा बोलली. इंदुबाईंनी ती पिशवी तिच्याकडून चार वेळा वाचून घेतली. मग घरातलं जे जे छापील होतं त्या सगळ्यावर फोन धरला. देवाच्या कॅलेंडरवर, औषधाच्या खोक्यावर, बावीस वर्षं कपाटात ठेवलेल्या लग्नाच्या पत्रिकेवर. आपल्या पत्रिकेत आपलं नाव 'चि. सौ. कां. इंदुमती' असं छापलंय हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. उल्कावहिनी शाळेत, त्यांचे यजमान केदारराव कचेरीत, नात ऋचा आतल्या खोलीत कानांवर मोठे हेडफोन चढवून घरूनच नोकरी करणारी. इंदुबाई टेबलावर पेपर पसरत, डोळ्यांवर साध्या काचेचा चष्मा, उजव्या कानात इअरफोनचं एक बोंडूक, वर पदर. फोनमधली बाई कानात एक वाक्य बोले, इंदुबाई ते मोठ्यानं म्हणत. आप्पा डोळे मिटून ऐकत.

पहिले काही दिवस घोळ झाले. यंत्र शहाणं असलं तरी त्याला रकाना कळत नाही. ते या रकान्यातून सरळ शेजारच्यात शिरतं. इंदुबाईंनी गंभीर आवाजात वाचलं, "गुरुवारी संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद राहील, त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे."

आप्पांनी एक डोळा उघडला. "पाणीपुरवठ्याला सुनासुद्धा? मोठं कुटुंब दिसतंय."

हळूहळू इंदुबाईंना युक्ती साधली. नको तो रकाना हातानं झाकायचा, मग यंत्र मुकाट्यानं एकाच रकान्यातून जातं. जाहिरात आली की तिच्या चौकटीवरून कळतं, ती सोडून द्यायची. मथळा कोणता आणि आतला मजकूर कोणता, हे अक्षरांच्या जाडीवरून. वर्षभरात त्या इतक्या सफाईनं वाचायला लागल्या की केदाररावांनी एका रविवारी दारातून ऐकलं आणि म्हणाले, "मावशी, आकाशवाणीत जायला हवं होतं तुम्ही." इंदुबाईंना त्या दिवशी फार बरं वाटलं आणि फार वाईटही वाटलं. घरातल्यांचा समज एकच, मावशींना गाण्यांचं वेड आहे, सारखं कानात काहीतरी असतं.

दोन वर्षं हे सुरळीत चाललं. म्हणजे एका गुरुवारपर्यंत.

त्या गुरुवारी उल्कावहिनींनी शाळेतून तीनदा फोन केला आणि तीनही वेळा इंदुबाईंचा फोन अडकून बसला. पडद्यावर कुठलीशी खरेदीची जाहिरात नाचत होती, ती बाजूला होईपर्यंत वाजणं बंद. संध्याकाळी वहिनींनी लेकीला सांगितलं, "ऋचा, मावशींच्या फोनचं काहीतरी कर गं. वेळेला लागला नाही तर काय उपयोग?"

ऋचा मनानं चांगली मुलगी. दुसऱ्याच्या फोनवर पसारा दिसला की तिचे हात शिवशिवतात. तिनं इंदुबाईंना शेजारी बसवलं.

"मावशी, केवढं जंक आहे हो यात! हे सगळं कंपनीनं आधीच टाकलेलं असतं, डिलीट होत नाही. पण आपण हाइड करू शकतो. समोर दिसणारच नाही आणि मधे मधे उठणारही नाही. मी एकेक विचारते, तुम्ही हो-नाही सांगा. हे गेम्स?"

"नको."

"न्यूज?"

"नको ताई."

"हे शॉपिंगचं?"

"त्याच्यामुळंच तर अडकायलंय."

एकेक चित्र पडद्यावरून नाहीसं होत होतं. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्या पानावर ऋचाचं बोट खाली खाली सरकू लागलं तशी इंदुबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

"हे काय आहे? अच्छा, हे ब्लाइंड लोकांसाठी असतं. हे तर तुम्हाला नकोच, ना?"

दारात उल्कावहिनी वह्यांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. इंदुबाईंनी वहिनींकडे पाहिलं, मग डोळ्याच्या चित्राकडे. हवंय म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, कशाला? आणि त्या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे सातवीपासून सगळं उलगडणं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "मला काय करायचंय त्याचं."

डोळा मिटला. ऋचानं उरलेल्या सहा चित्रांची एक रांग लावली, लपवलेलं चुकून उघडू नये म्हणून त्याला आकड्यांचं कुलूप घातलं आणि फोन परत दिला. "बघा किती स्वच्छ झाला!" फोन खरोखरच स्वच्छ झाला होता. इंदुबाईंनी तो छातीशी धरून जिना उतरला आणि बस पकडली.

धायरीच्या चौकात, बस थांबते तिथंच, मोबाइलचं दुकान आहे. दुकानदारानं फोन पाहिला, खालीवर केला. "लपवलेल्याला पासवर्ड आहे, बाई. ज्यानं टाकला त्यालाच विचारा. नाहीतर सगळा फोन पुसावा लागेल, नंबर, फोटो, सगळं जाईल." फोटोंमध्ये सृष्टीच्या लग्नाचे सगळे फोटो होते. इंदुबाई फोन घेऊन परत फिरल्या. सृष्टी आता लग्न होऊन हडपसरला, तिथल्याच एका कारखान्यात कामाला. शिफ्टवर फोन दारात जमा करावा लागतो. रात्री तिचाच फोन आला तेव्हा ती म्हणाली, "आई, मी रविवारी येते, मग बघू. तोवर चष्मा हरवलाय म्हण."

शुक्रवारी साडेदहाला आप्पा खुर्चीत येऊन बसले. "हं. काय म्हणतंय जग?"

"आप्पा, चष्मा सापडेना झालाय," इंदुबाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या पिशवीत, खालच्या कप्प्यात होता. "आज गप्पाच मारू."

आप्पांनी "बरं" म्हटलं. गप्पा काही रंगल्या नाहीत. आप्पा मांडीवर घडी घातलेला पेपर घेऊन बसले होते आणि अधूनमधून त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. इंदुबाईंना ते बघवेना. त्या उगाचच स्वयंपाकघरात जाऊन पुसलेला ओटा पुन्हा पुसून आल्या.

संध्याकाळी वहिनींना चष्म्याचं कळलं आणि त्या लगेच कामाला लागल्या. कुणाच्या मदतीला धावून जायचं म्हटलं की उल्कावहिनींना अडवणारा अजून जन्मायचा आहे. "अहो, मग त्यात काय? उद्या शनिवार, माझी शाळा अर्धी. पाच वाजता चष्मेवाल्यांकडे जाऊ, माझे ओळखीचे आहेत. नंबरही नव्यानं तपासून घेऊ. चष्मा माझ्याकडून."

"नको वहिनी, कशाला—"

"तुम्ही आमच्या आप्पांना दोन वर्षं पेपर वाचून दाखवताय. एवढं तरी करू द्या."

डोळे कसे तपासतात ते इंदुबाईंना ठाऊक होतं. आप्पांबरोबर त्या चार वेळा डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या होत्या. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा दिवा लागतो, वर मोठी, खाली बारीक, आणि वाच म्हणतात. ज्याला येत नाही त्याच्यासाठी वेगळा तक्ता असतो, पण तो लावायच्या आधी विचारतात. सगळ्यांसमोर विचारतात. शनिवारी पाच वाजता, उल्कावहिनी शेजारी उभ्या असताना विचारणार.

शनिवारी सकाळी त्यांनी एक शेवटचा प्रयत्न केला. ऋचाच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, "ताई, फोन आधी होता तसा करून द्या की. मला त्यात सापडायचं समदं."

ऋचानं एका कानावरचा हेडफोन सरकवला. "मावशी, काय हवंय तुम्हाला त्यातलं? सांगा, तेवढं आणते."

इंदुबाईंनी तोंड उघडलं. नुसतं 'डोळा' म्हणायचं होतं, एक शब्द. तो काही बाहेर आला नाही.

"दोन दिवसांत सवय होईल, बघा," ऋचा हसून म्हणाली आणि तिची मीटिंग सुरू झाली.

मग इंदुबाईंनी ठरवलं. कुणी काढून टाकण्याआधी आपणच जावं. ही गोष्ट त्यांनी आप्पांनाच आधी सांगितली, कारण या घरात त्यांचं खरं नातं कुणाशी असेल तर या म्हाताऱ्याशी. दोन वर्षांत त्यांनी त्याच्याबरोबर किती निवडणुका, किती मॅची, किती मयतं वाचून काढली होती.

"आप्पा, सोमवारपास्नं मी येणार न्हाई. गावाकडं जावं म्हणते."

आप्पांनी हातातला पेपर घडी घालून ठेवला. मग म्हणाले, "गावाकडं कोण आहे आता?"

गावाकडं कुणी नव्हतं. आई गेली, भाऊ जालन्याला. "हाय की, घर हाय," एवढं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं, आणि मग आठवलं की तोंड फिरवलं नसतं तरी चाललं असतं, आप्पांना समोरचं दिसत नाही. त्यानं त्यांना आणखीच रडू आलं.

"सुनेला सांगितलंत?"

"संध्याकाळी सांगते. चष्म्याच्या आधी."

"हं," आप्पा म्हणाले. "बरं, मला जरा पडू द्या."

पावणेपाचला उल्कावहिनी पर्स घेऊन दिवाणखान्यात आल्या. इंदुबाई पिशवी सावरून उभ्या होत्या, मनात वाक्य जुळवत. आप्पा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. निवृत्त झाल्यावर पंचवीस वर्षांत तसा खणखणीत आवाज त्यांनी लावला नव्हता. पोस्टमनची हाक.

"ऋचा! बाहेर ये."

ऋचा हेडफोन गळ्यात घालून बाहेर आली.

"इंदुबाईंच्या फोनमधलं माझं वाचायचं यंत्र कुणी काढलं?"

"तुमचं? कुठलं यंत्र?"

"कागदावर धरलं की बोलतं ते. परवा तू मोठ्यानं म्हणत होतीस, हे ब्लाइंड लोकांसाठी असतं म्हणून. मी आतून ऐकलं. मला वाटलं, विचारशील कुणालातरी. या घरात ब्लाइंड कोण आहे?"

ऋचा गोरीमोरी झाली. "सॉरी आजोबा. पण ते मावशींच्या फोनमध्ये... मावशींनीच नको म्हटलं."

"त्या कशाला हो म्हणतील? त्यांना वाटलं, घरच्या मुलीला कशाला अडवा. माझ्या फोनला बटणं आहेत, त्याला डोळे नाहीत. म्हणून मी त्यांच्या फोनमध्ये ठेवून घेतलं होतं. बारीक टायपाचं असेल तेव्हा वापरतो आम्ही."

एवढं धडधडीत खोटं आप्पा उल्कावहिनींच्या दिवाणखान्यात, त्यांच्यासमोर, एकही शब्द न अडखळता बोलले. ऋचानं इंदुबाईंच्या हातातून फोन घेतला, कुलपाचे आकडे दाबले आणि मिनिटभरात डोळ्याचं चित्र पडद्यावर परत आलं. तिनं ते पहिल्या पानावर, अगदी मधोमध आणून ठेवलं.

उल्कावहिनींनी आधी सासऱ्यांकडे पाहिलं, मग इंदुबाईंकडे पाहिलं, आणि मग इंदुबाईंच्या पदराआडून लोंबणाऱ्या इअरफोनच्या वायरीकडे पाहिलं. पंचवीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला दोन आणि दोन मांडून दिल्यावर उत्तर काढायला कितीसा वेळ लागणार. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली.

"आणि चष्मा?" त्यांनी विचारलं.

"चष्मा सापडेल," आप्पा म्हणाले. "मला खात्री आहे."

"मग आज नको जायला," वहिनी म्हणाल्या. "मावशी, तुम्ही मघापासून मला काहीतरी सांगायला बघताय. काय ते?"

इंदुबाईंनी जुळवलेलं वाक्य गिळलं. "कणीक संपलीय, वहिनी."

वहिनींना काय कळलं आणि काय नाही, हे इंदुबाईंना आजवर उमगलेलं नाही. वहिनींनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. फक्त शाळेत जाताना फ्रीजवर ज्या चिठ्ठ्या त्या पूर्वी चिकटवून ठेवत, आणि ज्या इंदुबाई ऋचाला बोलतं करून समजून घेत, त्या बंद झाल्या. आता जे असेल ते जाताना तोंडी सांगतात.

सोमवारी साडेदहाला इंदुबाईंनी टेबलावर पेपर पसरला, चष्मा घातला आणि इअरफोनचं बोंडूक कानाकडे नेलं.

"सापडला का चष्मा?" आप्पांनी विचारलं.

"सापडला."

"पिशवीतच होता ना? खालच्या कप्प्यात. शुक्रवारपासून तुम्ही पिशवी उचलली की डबी खडखडते."

इंदुबाईंचा हात तसाच हवेत राहिला.

"ते कानातलं काढून ठेवा आता. मोठ्यानं लावा."

"आप्पा," त्यांनी विचारलं, "तुमाला कवापास्नं ठावं हाय?"

"पहिल्या दिवसापासून. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. आधी ती यंत्रातली बाई बारीक आवाजात वाचते, मग तुम्ही वाचता. दोन वर्षं मी पेपर दोनदा ऐकतोय. पाणीपुरवठ्याच्या सुना मी दोनदा ऐकल्या."

इंदुबाई हसल्या आणि हसता हसताच त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. चष्मा काढून त्यांनी तो पदरानं पुसला, काहीच उपयोग नसताना. "मग बोलला का न्हाई कधी?"

मान किंचित वळवून आप्पा इंदुबाईंकडे कडेनं बघत होते, कारण तसंच त्यांना दिसे.

"एकतीस वर्षं पत्रं वाटली मी," ते म्हणाले. "दर चार-सहा दारांनंतर एक दार यायचं. पाकीट हातात दिलं की माणूस ते उलटसुलट करायचा आणि म्हणायचा, अहो, चष्मा सापडत नाहीये. ज्यांच्या घरात जन्मात चष्मा आला नव्हता तेही म्हणायचे. मी म्हणायचो, द्या इकडे, मी वाचतो. उंबऱ्यावर बसून वाचून दाखवायचो, उत्तर लिहून द्यायचो आणि पुढच्या दारी जायचो. एकालाही विचारलं नाही."

त्यांनी पेपर चाचपून इंदुबाईंच्या पुढे सरकवला.

"आता माझा सापडत नाहीये. वाचा."

इंदुबाईंनी डोळ्याच्या चित्रावर बोट ठेवलं आणि डाव्या हातानं शेजारचा रकाना झाकला.